झोपवून आखलेली रेघ

प्रिय विर्पी,

गेल्या रविवारी सकाळी प्रार्थनेला निघण्याआधी मी एक विचित्र काम केलं. घरात मी एकटाच असतो, तरी न्हाणीघराला आतून कडी लावली, वाफ घ्यायच्या सौनाच्या लाकडी बाकावर उताणा पडलो आणि इस्पितळातून खिशात राहून आलेल्या निळ्या पेनानं स्वतःच्या पोटावर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत रेघ ओढली. ओढताना खाली पाहिलं नाही, छताच्या फळ्यांकडे पाहत राहिलो. मग उठून आरशासमोर उभा राहिलो, डाव्या हातानं पोट वर ओढून धरलं आणि चड्डीच्या काठाच्या आत, कुणाला दिसू नये अशा जागी, दुसरी रेघ ओढली. दोन रेघांत एका टोकाला चार बोटांचं अंतर होतं, दुसऱ्या टोकाला पाच. माझं पोट आता पन्नाशीला टेकलेलं आहे, वेलचीच्या पावानं पोसलेलं. ते काही कुणाला दाखवण्यासारखं नाही. पण मी ते बराच वेळ बघत उभा होतो. ती शाई साबणानं निघत नाही. दोन्ही रेघा सदऱ्याखाली घेऊन मी प्रार्थनाघरात जाऊन बसलो, आणि सगळे गायला उभे राहिले तेव्हा मला वाटलं, माझ्या पोटावर काय आहे ते पहिल्या बाकापर्यंत सगळ्यांना दिसतंय.

हे तुला का सांगतोय ते पुढे येईल. सरळ सांगायला बसलो तर जमत नाही. तीन कागद चुलीत गेले. आधी ऑगस्टपासून धरतो. तुझा फोन आला तेव्हा मी बटाटे काढत होतो. तू म्हणालीस, “राउनो, वेनलाची तपासणी आली. माझंच उतरलंय तिच्यात.” तुझी आई शेहेचाळिसाव्या वर्षी गेली, तुला एकोणचाळिसाव्या वर्षी छातीत गाठ निघाली, आणि आता तुझ्या पंचवीस वर्षांच्या पोरीच्या रक्तात तोच दोष. तू पुढे म्हणालीस, “डॉक्टर म्हणतात, आधीच दोन्ही स्तन काढून टाकले आणि नवे घडवले तर धोका जवळजवळ संपतो. पण ही बया ऐकेल तर ना! म्हणते, आई, मी तुझं पोट पाहिलंय. तसलं पोट घेऊन मी जन्म काढणार नाही. वर तुझंच वाक्य माझ्या तोंडावर मारते बघ. आपल्या घराण्याची कातडीच तशी, डॉक्टरनंच सांगितलंय.” आणि तू हसलीस. मी म्हणालो, “बघतो. बोलतो तिच्याशी.” फोन ठेवला आणि उरलेली ओळ तशीच सोडून घरात आलो. पुढे जमीन गोठली, ते बटाटे जमिनीतच नासले.

बोललो मात्र नाही. दहा आठवडे झाले. एकदा ती मला दुकानात भेटलीही, भाजक्या चीजच्या कपाटापाशी. तिचा स्वभाव तुझाच. रस्ता अडवून उभी राहिली. “राउनो, तू सांग. आमची कातडी खरंच वाईट आहे का?” मी म्हणालो, “कातडी प्रत्येकाची वेगळी असते.” ती म्हणाली, “हे उत्तर झालं? असलं तर पावाच्या पाकिटावर छापतात.” मग म्हणाली, “बारा नोव्हेंबरला तुझ्याकडे इस्पितळात बोलावलंय मला. नाही म्हणायलाच जाणार आहे. आईचं मन राखायचं म्हणून जातेय.” मी चीज घेतलं, पुन्हा ठेवलं आणि काहीच न घेता बाहेर आलो. त्या दिवसापासून मला बसवत नाही. जेवायला बसलो की उठतो. तळ्याकडे चालत जातो, अर्ध्या वाटेतून परततो. काम मात्र सरळ होतं, कारण हातांना कामाची सवय आहे. माझ्यातल्या बाकीच्या माणसाला नाही.

तुला आपली शाळा आठवते? एका खोलीत दोन वर्ग, अकरा पोरं आणि मधे ती लोखंडी शेगडी. पाढे तू म्हणायचीस आणि मी ओठ हलवायचो. बाईंना ते कळत होतं असं आता वाटतं. प्रार्थनाघरात तुम्ही डाव्या बाजूला, आम्ही उजव्या. मधल्या वाटेची रुंदी मला अजून पावलांत सांगता येईल. मी औलू शहरात डॉक्टरकी शिकायला निघालो त्या वसंतात तुझ्या फाटकाशी सायकलचा पंप मागायला आलो होतो. तू पंप दिलास आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिलीस. माझ्या चाकात हवा भरपूर होती. तरी मारत राहिलो, कारण जे बोलायला आलो होतो ते तोंडातून निघत नव्हतं. शेवटी चाकच फुटलं. तू इतकी हसलीस की तुझी आई बाहेर आली. सायकल ढकलत मी घरी गेलो, आणि ते बोलणं तिथेच राहिलं. पुढे तुझं मार्टीशी लग्न झालं. मार्टी भला माणूस आहे, आणि हे पत्र त्यानं वाचलं तरी माझी हरकत नाही. हे मी एवढ्यासाठीच लिहिलं की यापुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी तू माझ्याकडे आलीस, छातीची एक बाजू सपाट झालेली, आणि म्हणालीस, “परक्या हातात नको. तूच कर.” मी नाही म्हणायला हवं होतं. ओळखीच्या माणसावर सुरी चालवू नये, हे आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात. पण मला बरं वाटलं. रक्तवाहिन्या जोडण्यात तेव्हा माझं नाव होतं. बेंबीखालची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलायची, छातीवर न्यायची, तिथल्या वाहिन्यांना केसापेक्षा बारीक धाग्यानं जोडायची आणि तिच्यातून नवी छाती घडवायची. त्या कामाला मी रात्रंदिवस वाहून घेतलं होतं. पोट म्हणजे आमच्या लेखी कोठार. माल काढून घेतला की दार लावून मोकळं व्हायचं. सगळे छातीकडे बघायचे. पोट शिवायचं काम शेवटी, दमलेल्या हातांचं, धाकट्या डॉक्टरांचं.

पण कोठाराचं दार कुठे बसणार, ते सकाळीच ठरतं. बाई शुद्धीत असताना, भूल देण्याआधी, पेनानं. तेव्हा तिला उभं करायचं असतं. तिची स्वतःची, रोजच्या वापरातली चड्डी अंगावर असावी, म्हणजे काठ कळतो. समोर बसायचं, तिलाच पोट दोन्ही हातांनी वर ओढून धरायला सांगायचं आणि काठाच्या आत, जितकी खाली नेता येईल तितकी रेघ न्यायची. कारण शिवल्यावर वरची कातडी ताणून खाली येते आणि मग आखडताना रेघेला आपल्याबरोबर वर ओढते. गळ्याच्या खड्ड्यापासून खाली मधली रेघ मारायची, म्हणजे बेंबी जागेवर बसते. कमरेची एक बाजू दुसरीपेक्षा उंच असते, आणि ते उभ्या माणसातच दिसतं. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. वीस मिनिटं नीट बघावं लागतं.

त्या सकाळी सात वाजता मी तुझ्या खोलीत आलो. खिडकीबाहेर मार्चमधला बर्फ वितळत होता. तू म्हणालीस, “काय रे, शाळेत माझ्या वहीतून उतरवायचास, आता माझ्यावरच लिहिणार?” मी म्हणालो, “पड जरा.” विर्पी, मी ‘उभी राहा’ म्हणायला हवं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण तू उभी राहणार, मी गुडघ्यांवर बसणार आणि वीस मिनिटं बघणार, हे माझ्याच्यानं झालं नाही. तू पलंगावर पडलीस, हसत दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. मी चादर वीतभर बाजूला केली, खिडकीकडे बघितलं, आणि कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत अंदाजानं रेघ ओढली. ओढून धरलं नाही, मधली रेघ मारली नाही. तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील. गेल्या रविवारी स्वतःच्या पोटावर ओढली ती पहिली रेघ हीच. बाहेर आलो तेव्हा मी मनाशी म्हणालो, तिची लाज राखली. लाज तुझी नव्हतीच. तू तर थट्टा करत होतीस.

शस्त्रक्रियेच्या खोलीत रीक्का होती, तेव्हा आमच्यातली सगळ्यांत धाकटी डॉक्टर. तुझ्या पोटावरचं कापड बाजूला झालं तेव्हा ती म्हणाली, “राउनो, मधली रेघ मारायची राहिली. आणि ही जरा वर नाही वाटत?” मी तिच्यावर खेकसलो. “माझ्या गावची आहे ती. मला ठाऊक आहे कुठे काय ते.” मी सूक्ष्मदर्शकाशी बसलो, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम मी त्या दिवशी केलं. मागे तुझं पोट शिवलं जात होतं. एकदाही वळून पाहिलं नाही. रीक्कानं आणि बाकीच्यांनी मी आखलं तसं शिवलं.

तीन महिन्यांनी तू तपासायला आलीस. छाती बघून इतर डॉक्टर गोळा झाले. ते गेल्यावर तू झगा खाली ओढलास आणि म्हणालीस, “वरचं छान झालंय रे. पण हे काय? घाईघाईत तोंड शिवलेलं बटाट्याचं पोतं दिसतंय.” रेघ चड्डीच्या काठाच्या वर तीन बोटं, उजवीकडे चढत गेलेली. दोन्ही टोकांना कातडीचे उंचवटे. बेंबी डावीकडे सरकलेली, जणू कुणाकडे तरी बघतेय. मी सगळं एका नजरेत ओळखलं, आणि दुसऱ्या श्वासात म्हणालो, “तुमच्या घराण्याची कातडी अशीच भरते.” इतकं सोपं होतं ते. तू लगेच मानलंस. वर मलाच धीर दिलास, “हो रे, आईच्या पोटावरची खूण पण अशीच जाड होती. तू तरी काय करणार!” नंतर तुझा फोटो मी तीन देशांतल्या डॉक्टरांना दाखवला. बेंबीच्या वर कापलेला. टाळ्या पडल्या.

शनिवारी तळ्याकाठच्या गावसौनात आधी बायकांची वेळ असते, मग आमची. आम्ही बाहेर लाकडाच्या ढिगावर बसून वाट बघायचो आणि आतून हसणं ऐकू यायचं. सगळ्यांत मोठं तुझं. नऊ वर्षं ते ऐकू आलेलं नाही. मी समजत होतो, दुखण्यानं तुझा सूर बदलला. मार्टी एकदा सहज म्हणाला, “ती घरच्याच सौनात बसते हल्ली, एकटी. दार लावून घेते.” आमच्या गावात कुणी सौनाचं दार आतून लावत नाही. तेव्हा मला कळलं होतं, विर्पी. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. तुझ्यानंतर मी एकाही बाईला झोपवून आखलं नाही. प्रत्येकीला सांगतो, तुमची आवडती चड्डी आणि पोहण्याचा पोशाख दोन्ही घेऊन या. खोलीत मोठा आरसा लावून घेतला. रेघ आरशात तिला दाखवतो आणि विचारतो, इथे चालेल? एक म्हातारी म्हणाली, “आणखी खाली घे पोरा, माझा नवरा चष्मा लावत नाही, पण बहिणी लावतात.” पोट शेवटच्या हातांवर सोडत नाही, तिथे मी स्वतः उभा राहतो. ताण एका ओळीवर पडू नये म्हणून आतून थराथरानं टाके घेतो, शेवटचा टाका घालण्याआधी टेबल वाकवून बाईला अर्धं बसवतो, म्हणजे टोकांच्या चुण्या दिसतात. बेंबी लहान आणि उभी ठेवतो. पहिल्या वर्षी सगळे चिडवायचे. रीक्का म्हणायची, “काय रे, शिंप्याकडे उमेदवारी केलीस की काय? आता इस्त्रीपण करशील.” हळूहळू दुसऱ्या गावांतून डॉक्टर बघायला येऊ लागले. बायका उन्हाळ्यात तळ्यावरून फोटो पाठवतात. लोक विचारतात, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणतो, अनुभवानं. तो अनुभव तुझं पोट आहे, हे कुणाला सांगितलं नाही. चांगलं काम वाढत गेलं तसतसं ते मला जास्तच टोचत गेलं, कारण त्यातला प्रत्येक टाका मला हेच सांगत होता की तुझ्या कातडीत काही दोष नव्हता.

आणि मी स्वस्थ बसलो नव्हतो, हेही खरं. आपल्या पंथाच्या रीतीप्रमाणे मी सोबतच्या भाविकापुढे देवाची क्षमा मागितली. म्हाताऱ्या ओस्कारीच्या सुतारशाळेत गेलो, म्हणालो, कामात एका माणसावर अन्याय झाला माझ्याकडून. त्यानं रंधा बाजूला ठेवला, भुश्शानं भरलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि नेहमीचे शब्द म्हटले, तुझी पापं माफ झाली, विश्वास ठेव. मी हलका होऊन घरी आलो. ते सहा दिवस टिकलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा. या खेपेला त्यानं रंधा ठेवला नाही. म्हणाला, “हेच पाप तू तिसऱ्यांदा आणलंयस, राउनो. देवाकडून तर पहिल्या वेळीच सुटलास. मग अडलंय कुठे?” मग त्यानं विचारलं, “ते माणूस जिवंत आहे का?” म्हटलं, आहे. “लांब राहतं?” म्हटलं, नाही. “मग इथे काय करतोयस? माझ्या दारापेक्षा त्याचं दार जवळ असेल.” आणि त्यानं पुन्हा रंधा मारायला सुरुवात केली. आपल्याकडची माणसं ही चूक नेहमी करतात. क्षमा बाकावर शेजारी बसलेल्याकडून मिळते, म्हणून ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जायचं राहूनच जातं.

आज गुरुवार. सकाळी साडेसातच्या डॉक्टरांच्या बैठकीत मी उभा राहिलो. नऊ जण होते. तुझं नाव घेतलं नाही, पण बाकी सगळं सांगितलं. झोपवून आखलं, का आखलं, नंतर काय खोटं बोललो, फोटो कुठे कापला. मग रीक्का म्हणाली, “नऊ वर्षं मला वाटतंय मीच वाकडं शिवलं.” तिचे डोळे भरले होते. “माझा तो पहिलाच महिना होता. तू कातडी म्हणालास, पण मला वाटलं तू मला वाचवतोयस. मी ते रोज मनात घेऊन शिवते, माहितेय तुला?” विर्पी, मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. मी समजत होतो, माझ्या खोट्यानं एकाच माणसाचं नुकसान केलं. नंतर ती माझ्याबरोबर माझ्या खोलीपर्यंत चालत आली आणि दारात म्हणाली, “ते दुरुस्त होतं. जुनी खूण काढून रेघ खाली नेता येईल, बेंबी मध्ये आणता येईल. दीड तासाचं काम आहे. पण तिला हवं असेल तरच. आणि तू त्या खोलीत नसशील.” म्हटलं, नसेन.

हे पत्र मी क्षमा मागायला लिहिलेलं नाही; ती द्यायची की नाही हे तू ठरव, आणि घाई करू नकोस. लिहिलंय वेनलासाठी. बारा तारखेला तिला माझ्याऐवजी रीक्का भेटेल, तशी व्यवस्था मी करून ठेवली आहे. तिनं पोटाची कातडी वापरावी की दुसरी काही रीत, की काहीच करू नये, हे ती आणि रीक्का बोलतील. तिनं नाही म्हटलं तरी तो तिचा हक्क आहे. फक्त माझ्या खोट्यावर उभी राहून तिनं नाही म्हणू नये. म्हणून हे सगळं पत्र तिला वाचायला दे, पंपाची गोष्टसुद्धा न वगळता. नाहीतर इतकं शिकलेला माणूस तीन मिनिटांत रेघ का ओढतो ते तिला पटायचं नाही. पत्र डाकेत न टाकता संध्याकाळी तुमच्या फाटकावरच्या पेटीत स्वतः आणून टाकतो, कारण उद्या तू संगणकावर तुझे इस्पितळाचे कागद उघडलेस तर तिथे एक नवी नोंद दिसेल, आणि ती तू आधी माझ्या अक्षरात वाचावीस अशी माझी इच्छा आहे. नऊ वर्षांपूर्वी मी तिथे लिहिलं होतं, ‘खूण जाड व वर, कारण कातडीचा प्रकार.’ ते पुसता येत नाही. त्याच्याखाली आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, रीक्काला शेजारी साक्षीला बसवून, मी लिहिलं: ‘वरची नोंद खोटी आहे. आखणी रुग्णाला झोपवून, न बघता केली. चूक माझी. कातडी निरोगी.’ आणि खाली पूर्ण नाव घातलं.

तुझाच,
राउनो